झाडकाकांचा शिरीष

ऑफिसात त्यांना सगळे झाडकाका म्हणत. म्हणून त्यांना झाडांतलं काही कळत होतं, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. घरी त्यांनी आजवर अकरा कुंड्या मारल्या होत्या आणि त्यांतला एक निवडुंग होता. निवडुंग मारायला वेगळीच प्रतिभा लागते.

आर्किटेक्टच्या त्या ऑफिसात एकोणतीस वर्षं काकांकडे एकच खातं होतं, नकाशावर झाडं काढण्याचं. इमारत साहेब काढत, जिने-खिडक्या बाकीचे काढत, आणि शेवटी "काका, जरा हिरवं करा" म्हणून कागद यांच्या टेबलावर येई. काका चार मीटर रुंदीचं एक गोल झाड हवं तिथे ठेवून देत. झाड कुठलंही असो, चार मीटर. ऑफिसची रीतच होती ती. नकाशातलं झाड वाळत नाही आणि तक्रारही करत नाही, त्यामुळे सगळं सुखात चाललं होतं.

मग एका पाच मजली ऑफिस-इमारतीचं काम आलं. साहेबांनी तिच्यात जीव ओतला. वारा आरपार जाईल अशा खिडक्या, गच्चीवर भाजीचे वाफे, पावसाचं पाणी साठवायला टाकी, आणि मधोमध खुलं अंगण. अंगणात होता एक जुना शिरीष. मागच्या गल्लीतली माणसं वर्षानुवर्षं त्याच्याखाली बसत आणि तिथूनच मोठ्या रस्त्यावर जात. जागेच्या मालकाने लिहून दिलं होतं, झाड जिवंत आहे तोवर अंगण गल्लीला खुलं. हे गल्लीत सांगायला साहेबांनी काकांना धाडलं, कारण काकांच्या तोंडाकडे बघून कोणालाच संशय येत नसे.

गल्लीच्या म्होरक्या आत्याबाई. वय पंचाहत्तर, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र नवीकोरी.

"कागदाचं राहू दे," त्या म्हणाल्या. "तू शब्द देतोस का?"

"देतो," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे कोणी शब्द मागितला होता. त्या आनंदात ते घरी दोन पोळ्या जास्त जेवले.

झाड मोजायलाही काकाच गेले होते. भर दुपार होती, फांद्यांखाली कोणाची तरी मोटार उभी होती, टेप पुरेना. काकांनी बुंधा मोजला आणि बाकीचं ऑफिसात येऊन सवयीने ठेवून दिलं. चार मीटर. खरा शिरीष चौदा मीटर पसरला होता. त्या गोलाच्या हिशेबाने तळघराची भिंत आखली गेली. खोदकाम चालू असताना ठेकेदाराने फोटो पाठवला. मातीतून मांडीएवढं जाड काहीतरी निघालं होतं. 'काका, हे काय?' काका तेव्हा बँकेच्या रांगेत होते. त्यांनी उत्तर लिहिलं, 'जुना पाइप दिसतोय. तोडा.'

असे सात पाइप तोडले गेले.

इमारत रंगून तयार झाली आणि शिरीष भलत्याच दिवसांत झडू लागला. झाडांची डॉक्टर म्हणून एक तरुण मुलगी आली. तिने माती उकरली, मुळांची तुटकी टोकं पाहिली आणि विचारलं, "काका, हे कोणी केलं?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. इकडेतिकडे कोणी नव्हतं.

"मी," ते म्हणाले.

तिने वरच्या फांद्या निम्म्या उतरवल्या. उरलेल्या मुळांना तेवढंच झेपेल म्हणाली, तेही नशीब असेल तर. सावली गेली ती गेलीच. मालक म्हणाला, "सहा आठवडे बघू. नाहीतर फाटक लावून गाड्या उभ्या करू. मी काय, सरपण सांभाळत बसू?"

काका रोज सकाळी यायचे, पाणी घालायचे, नखाने साल खरवडायचे. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत, एवढं ते शिकले होते. एकोणतीस वर्षांत शिकलेली ही पहिली गोष्ट. बायको म्हणाली, "अहो, नखं तरी ठेवा. माझ्या आजारपणात कधी कपाळ चाचपलं नाहीत एवढं." मग तिने स्वतःच साल खरवडायला डब्यात एक जुना चाकू घालून दिला.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी आत्याबाईंना फोनमधला ठेकेदाराचा तो फोटो आणि त्याखालचं आपलं उत्तर दाखवलं. बाई उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या, डोक्यावर छत्री.

"म्हणजे तू मारलंस."

"हो."

"आणि शब्दही तूच दिला होतास."

"हो."

"बरं झालं सांगितलंस. मी उगाच त्या ठेकेदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते." एवढं बोलून त्यांनी छत्री अशी फिरवली की काकांना त्यांचा चेहरा दिसेना. काका बराच वेळ छत्रीशीच बोलत राहिले.

सहावा आठवडा संपला. डॉक्टर मुलीने शिडी लावून अगदी वरपर्यंत साल तपासली. प्रत्येक ठिकाणी तपकिरी. खाली उतरून तिने नुसती मान हलवली. साहेब खिडकीतून बघत होते. ते आत निघून गेले. दुपारी फाटक बसलं, संध्याकाळी पहिली मोटार आत आली.

काका फाटकाबाहेर उभे होते. आत्याबाई काठी टेकत आल्या, कुलूप बघितलं, काकांकडे बघितलं.

"मोठ्या रस्त्यावर माझी बहीण राहते," त्या म्हणाल्या. "अंथरुणाला खिळलेली. मी रोज जाते तिच्याकडे. इथून शंभर पावलं होती. आता शाळेला वळसा घालून जायचं, दोन चढ चढून."

"आत्याबाई, मी..."

"रडू नकोस, मला सर्दी होते दुसऱ्याचं बघून. उद्यापासून याच वेळेला यायचं. माझा हात धरायचा, पोचवायचं, परत आणायचं."

"रोज?"

"मग काय, सणासुदीला? मी आहे तोवर रोज. आणि ती आहे तोवर."

काकांनी मान डोलावली. त्या निघाल्या, दहा पावलांवर थांबल्या आणि मागे न बघता ओरडल्या, "अरे, आज कोण पोचवणार?"

काका धावत गेले आणि त्यांनी हात धरला. बाईंचा हात हलका होता, काटकीसारखा. पहिल्या चढावर दोघं तीनदा थांबली. दुसरा अजून दिसतही नव्हता.