सुपीक माती अधिक समुद्र

कुठून सुरुवात करू? माझा मूर्खपणा सांगायचा तर आधी माझा शहाणपणा सांगावा लागेल. कारण तो नसता, तर एवढा मोठा मूर्खपणा मला जमलाच नसता!

तर मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. केमिस्ट्री घेऊन, फर्स्ट क्लासमध्ये. चोपड्याजवळच्या आमच्या खेड्यात बसून काय करणार, म्हणून जळगावला आत्याकडे राहायला आले आणि कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं. त्यासाठी परवानगी लागली ती आबांची. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. केळीचे बागाईतदार आणि आमच्या घराचं सुप्रीम कोर्ट.

"शिक," आबा म्हणाले होते. "पन टाइमपास दिखना, तं बोचकं बांधीसन परत लई येसू."

बघा! पदवीधर मुलगी, आणि तिला बोचकं बांधून परत आणायची भाषा! मला अस्सा राग आला होता. मी काय टाइमपास करणाऱ्यातली आहे?

होते. अगदी पहिल्या महिन्यापासून.

दोष माझा नव्हता, त्या फ्लॉपीचा होता. क्लासमधल्या एका मैत्रिणीने दिलेली. त्यात एक खेळ. पडद्यावर फक्त चार चौकटी: पाणी, आग, माती, हवा. दोन चौकटी निवडायच्या आणि एकमेकींवर टाकायच्या. जमलं तर टुणटुण वाजून नवी चौकट उगवते. पाणी आणि माती? चिखल! चिखल आणि आग? वीट! पाण्यात पाणी घातलं तर समुद्र! चार वस्तूंपासून बसल्या जागी सृष्टी तयार व्हायला लागली. मी कॉलेजात तीन वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, पण असा आनंद एकदाही झाला नव्हता. खरं सांगते, ज्याने कोणी तो खेळ रचला त्याचं डोकं सोन्याचं असणार.

आणि मन काळं! कारण नाही जमलं, तर काय होतं माहीत आहे? एक घाणेरडा टुर्रर्र आवाज. बस. का नाही जमलं, जवळ आलो होतो की लांब, काही सांगणार नाही. ढग आणि हवा? टुर्रर्र. अहो, वाऱ्याने ढग हलतो, एवढं तरी मान्य करा की! दगड आणि पाणी? टुर्रर्र. आणि मग वैतागून काहीतरी भलतंच करावं, तर टुणटुण!

मी अडकले होते सुपीक मातीवर. ती मिळाल्याशिवाय एक गवताचं पातं उगवणार नव्हतं. माझ्या जगात ज्वालामुखी होते, विटा होत्या, पण झाड एकही नाही. तीन आठवडे! वहीत तक्ते केले. जेवताना आत्याशी बोलेना. आत्याला वाटलं, पोरगी अभ्यासाने खंगली. तिने मला बदाम चारले. मी खाल्ले.

आणि एके दुपारी पाठीमागून आवाज आला, "हाई काय शे वं, हेमा?"

मी खुर्चीतून उडालेच! आबा! कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून क्लासमध्ये चपला बाहेर काढाव्या लागत, त्यामुळे त्यांची चाहूलच लागली नव्हती. कुठल्याशा कामाला जळगावला आले होते म्हणे. डोक्यावर टोपी, अनवाणी पाय, आणि नजर थेट पडद्यावर.

"आबा, हे... हे केमिस्ट्री आहे."

"कॉम्प्युटरमा?"

"हो. कुठल्याही दोन वस्तू एकत्र करायच्या. त्यातून काय तयार होईल ते हा सांगतो."

आता तुम्हीच सांगा, यात खोटं काय बोलले? एक अक्षर नाही!

मला वाटलं, मान हलवतील आणि जातील. आबांनी शेजारची खुर्ची ओढली आणि बसले. पडद्यावरच्या चौकटी बोटाने दाखवत प्रत्येकीचं नाव विचारलं. मग म्हणाले, "राख नि चिखल एक कर."

"आबा, राख म्हणजे जळून संपलेली वस्तू. तिच्यातून काय होणार?"

"तू कर तं खरी."

हे मोठ्यांचं असंच असतं. विषय माहीत नसतो, पण "तू कर तं खरी" आहेच! त्यांचं तोंड बंद करायला म्हणून केलं.

टुणटुण!

काळीभोर माती, वर एक हिरवा कोंब. सुपीक माती!

मी खुर्चीवर उभी राहिले. हो, खुर्चीवर! "मिळाली! आबा, मिळाली! तीन आठवडे शोधत होते मी!" अख्खा क्लास माना वळवून बघतोय.

आबा शांत. "तीन हप्ता? आम्ही तं दर साल वावरमा टाकतस."

मी ऐकत होते कुठे? मला पुढचं दिसत होतं. सुपीक माती उचलली आणि समोर जी पहिली चौकट होती, समुद्र, तिच्यावर टाकली. पुन्हा टुणटुण! सरळसोट खोड, माथ्यावर दोन्हीकडे झुकलेली लांब पानं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, नारळाचं झाड.

आबा उठून पडद्याला नाक लावून उभे राहिले. "केळ! अवं, हाई तं केळ शे! पान देख, पान!"

नारळ आहे, हे सांगायला किती वेळ लागला असता? एक शब्द! पण त्यांनी खाली वाचलेलं नव्हतं, आणि मला त्यांना घालवून पुढे खेळायचं होतं. मी म्हटलं, "हो आबा, केळच."

"कसानी बननी?"

"सुपीक माती आणि समुद्र."

"चोपडामा समुद्र कोठेन लयसूत?"

आता मात्र माझा संयम संपला. "अहो आबा, समुद्र म्हणजे तरी काय? मीठ आणि पाणी!"

आबांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "लिखी दे. सही करीसन."

सही नसलेला कागद आबांच्या लेखी पत्रावळ. मी वहीचं पान फाडलं आणि झरझर लिहून दिलं. राख अधिक चिखल, बरोबर सुपीक माती. सुपीक माती अधिक मीठ अधिक पाणी, बरोबर केळ. खाली सही. आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण सहीखाली कंसात लिहिलं: बी.एस्सी., केमिस्ट्री.

आबांनी घडी करून कागद खिशात ठेवला आणि गेले. मी वाचले! आठ दिवसांत मी ते सगळं विसरूनही गेले.

नवव्या दिवशी क्लासहून येऊन जेवायला बसले, तर आत्या म्हणाली, "अगं, दादा येऊन गेला सकाळी, तुझे आबा. मिठाचं पोतं घेऊन एसटीत बसला. एवढं मीठ कशाला म्हटलं, तर म्हणे केळीच्या बागेत टाकायचंय."

मी घास ताटात परत ठेवला.

तुम्हाला कळतंय का? केळीच्या मुळाशी मीठ! पानं कडेकडेने करपणार, झाडं माना टाकणार. अख्खं वर्ष रात्रंदिवस जपलेली बाग, ऐन घड धरलेली! कोणामुळे? आणि सहीनिशी!

मी हात न धुता निघाले. चोपड्याच्या गाडीत उभं राहायला जागा मिळाली. एप्रिलचं ऊन, गाडीचा पत्रा तापलेला, आणि माझ्या डोक्यात हिशेब चाललेला: पोतं फोडायला किती वेळ, पहिल्या ओळीला किती, दुसऱ्या ओळीला किती. तापीच्या पुलावर गाडी जरा हळू झाली, तर मी ड्रायव्हरला ओरडले, "भाऊ, चला ना! बाग मरतेय!" लोकांनी मला खिडकीची जागा दिली. वेडीला देतात तशी.

फाट्यावर उतरून पळत बागेत पोचले. विहिरीजवळ केळीच्या ओळीला लागून खड्डा. खड्ड्याच्या काठावर आबा. हातात पोतं, आणि त्यातून खाली पांढरं शुभ्र मीठ ओततायत! शेजारी एक खाकी शर्टवाला माणूस पाइपने वरून पाणी सोडतोय. माती, मीठ, पाणी! माझा कागद शब्दशः चाललेला!

"थांबा! थांबा! मीठ टाकू नका!"

मी धावत गेले, पोतं हिसकावून खाली टाकलं आणि त्यावर बसलेच. निंदणाऱ्या बायका विळे घेऊन उभ्या राहिल्या.

"आबा, ती केमिस्ट्री नाही! खेळ आहे तो! पोराटोरांचा खेळ! मी महिनाभर क्लासमध्ये खेळ खेळतेय! आणि ती केळ नव्हती, नारळ होता!"

पाणी मात्र खड्ड्यात पडतच होतं. मीठ विरघळून मुळांकडे निघालं असणार! मी उठले आणि मोटर बंद करायला लोखंडी पेटीकडे झेपावले.

"ताई, हात नका लावू!" खाकी शर्टवाला ओरडला.

पण मी कधी कोणाचं ऐकलंय?

काय सांगू! बोटातून शिरलेला झटका दाढेतून बाहेर निघाला. मी मागच्या मागे चिखलात बसले, केस मोकळे, एक चप्पल केळीच्या ओळीत.

आबांनी वाळक्या काठीने मोटर बंद केली. मग माझ्याजवळ आले, उकिडवे बसले. "लागनं का वं?"

मी मानेनेच नाही म्हटलं. जीभ अजून आपली वाटत नव्हती.

"आते समजनं, मीठ कसाले आनं?"

खाकी शर्टवाला वायरमन होता. त्याने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "ताई, मोटारीच्या अंगात करंट उतरतोय. तो जमिनीत सोडणारं अर्थिंग गेलंय. नवीन करायचं तर खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालून पट्टी गाडतात, वरून पाणी सोडतात. सगळ्याच शेतात करतात." जरा थांबून त्याने विचारलं, "शिक्षण किती झालं तुमचं?"

उत्तर आबांनी दिलं, आणि तेही छाती काढून. "बी.एस्सी. शे."

"मग तो कागद?" मी कशीबशी म्हणाले.

"केळले मीठ कोनी टाकस का? मी शेतकरी शे, येडा नही."

"मग सही कशाला घेतलीत?"

"तुना बापले दखाडाले. पोर काय शिकी राहिनी, ते लेखी पाहिजे." आणि मग माझ्या डोक्यातला चिखल पुसत म्हणाले, "आन तो खेळ शे, हाई माले तठेच समजनं. अभ्यासनं उत्तर मिळनं म्हनीसन कोनी खुर्चीवर नाचस का?"

म्हणजे यांना सगळं माहीत होतं! आठ दिवस! आणि मी आज स्वतः एसटीने येऊन, पळत येऊन, पोत्यावर बसून, बायकांसमोर कबुलीजबाब दिला होता!

"आबा... मग क्लास?"

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आते धरना शे तं तो खेळ बठ्ठा पुरा कर. अर्धा सोडू नको. अटकनी, तं माले इचारत जा."

अटकले तर यांना विचारत जा! मला! केमिस्ट्रीवालीला! आणि सांगायला लाज वाटते, पुढच्या महिन्यात मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा टुणटुण.

पण ते राहू दे. खरी शिक्षा वेगळीच आहे. आपल्याकडे पंगतीत पानावर पहिलं काय वाढतात? मीठ. आमच्या गावात लग्न असो, बारसं असो, वाढपी मिठाचं भांडं घेऊन ओळीत शिरला रे शिरला, की अख्खी पंगत पानावरून हात उचलून ओरडते, "थांबा! थांबा! आधी हेमाले इचारा!"

आणि जोपर्यंत मी उठून "टाका" म्हणत नाही, तोपर्यंत कोणी जेवायला सुरुवात करत नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात तर भटजीसुद्धा थांबले होते.