खालाच्या हाताचा गुण

चहा उकळेस्तोवर सांगून टाकते, कारण कप हातात आल्यावर तुम्ही हसाल आणि माझ्या सतरंजीवर सांडाल. मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललेय. नवऱ्याशी बोललेय, सासूशी बोललेय, जनगणनेला आलेल्या मास्तरला वयसुद्धा खोटं सांगितलंय. त्यातलं एकही मला बाधलं नाही. पण एकदा, फक्त एकदा, कुणाचं तरी मन राखायचं म्हणून चार शब्द खोटं बोलले आणि माझ्याच पोरीचा डोळा जायची वेळ आली! बोला आता.

झालं असं, की आमची वर्षा बारावी सायन्सला होती. तेव्हा पोरगं दहावीला जरा बरे मार्क घेऊन सुटलं की उचलायचं आणि लातूरला नेऊन क्लास लावायचा, हेच सगळीकडं चाललं होतं. आमचे हे हिमायतनगरला शाळेत मास्तर. त्यांना रजा मिळेना. म्हणून वर्षाबरोबर स्टोव्ह, कुकर आणि मी असे लातूरला रवाना झालो.

आमच्या गल्लीत खोलीखोलीला एकेक आई आणि तिचं एकेक बारावीचं लेकरू. आयांना नावं नव्हतीच. जी जिथून आली ते तिचं नाव. मी हिमायतनगर, शेजारच्या खोलीत उदगीर, समोर भोकर. सकाळी हाका ऐकाव्यात: "अवो भोकर, दूध आलं का?" "आलं की, पण उदगीरनं सगळं नेलं!"

घरमालकीण मुमताज खाला. साठी ओलांडलेली, एकटी, लई मायेची बाई. भूकंपाला तेव्हा चारेक वर्षं झाली होती. खालाचं घर पक्कं स्लॅबचं, एक तडासुद्धा गेला नव्हता. पण त्या पहाटेपासून तिनं स्लॅबखाली झोपणं सोडलं ते सोडलंच. अंगणात पत्र्याचं शेड मारून ती त्यात राहायची आणि स्लॅबच्या खोल्या आम्हाला भाड्यानं द्यायची. म्हणजे पडलाच तर आमच्यावर! दालमिलचा भरलेला ट्रक गल्लीच्या तोंडावरून गेला की खाला ओढणी सावरत आधी रस्त्यावर. तिच्या हातांना कापरं सुटलं होतं तेही तेव्हापासूनच.

आणि माझ्या मानेवर होती एक चामखीळ. उजव्या बाजूला, बरोबर मंगळसूत्र जिथं टेकतं तिथं. तुरीच्या दाण्याएवढी, देठावर लोंबणारी. मणी अडकले की जीव जायचा.

आता तुम्हीच सांगा, चामखीळ दिसल्यावर औषध न सांगता गप्प बसलेला माणूस पाहिलाय का कधी? उदगीर म्हणाली, लसूण ठेचून बांधा. बांधला. चामखीळ जागच्या जागी, भोवतालचं कातडं मात्र भाजून निघालं. वर्षानं पुस्तकं उचलली आणि खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. म्हणाली, "आई, तुझ्या मानेला फोडणीचा वास येऊन राहिलाय, मला सारखी भूक लागते." भोकरनं रुईचा चीक सांगितला. लावला. दोन दिवस मान वाकडी करून स्वयंपाक केला.

मग एका सकाळी खालानं मला शेडमध्ये बोलावलं. पत्र्याच्या पेटीतून एक जुना पानाचा डबा काढला. आत काळेभोर, लांब केस, नीट गुंडाळून ठेवलेले.

"घोड्याच्या शेपटीचे हायेत," खाला म्हणाली. "माळेगावच्या जत्रेतले. देठाला बांधायचं, रोज थोडं आवळायचं. आपोआप सुकून झडते. बस इथं, बेटी."

बसले. काय करणार? खालानं कापऱ्या हातानं केस गुंडाळला, गाठ मारली. मी खोलीत येईस्तोवर गाठ सुटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज चहानंतर माझी मान खालाच्या मांडीवर, आणि रोज दुपारपर्यंत केस माझ्या ब्लाउजमध्ये. तीन आठवडे हे चाललं. चामखीळ मजेत होती. उलट रोजच्या ओढाताणीनं लाल होऊन टम्म फुगली, ठणकायला लागली.

शेवटी एका दुपारी मी भाजी आणायला जाते म्हणून निघाले आणि गुपचूप चामडीच्या डॉक्टरकडं गेले. डॉक्टरनं सुई देऊन जागा बधिर केली, चट्कन काहीतरी केलं, पट्टी लावली.

"झालं," म्हणाला.

"एवढंच?"

"एवढंच. आणि बाई, पुन्हा काही बांधू नका, लावू नका. पिकलं असतं म्हणजे?"

आधी लसूण, मग चीक, मग तीन आठवडे त्या केसात काढले मी, हो! रडू यायचं बाकी राहिलं.

चार दिवस खालाला टाळलं. पदर मानेभोवती घट्ट. आज उपास आहे, आज डोकं दुखतंय, आज वर्षाची टेस्ट आहे. पाचव्या दिवशी नळावर तिनं मला गाठलंच. पदर ओढला आणि पाहते तर मान साफ.

"झडली?" खालानं भरती बादली नळाखालीच सोडली. "बेटी, झडली?"

तेव्हा मी खरं बोलायला हवं होतं. कळतंय मला, अशा नजरेनं बघू नका! पण तुम्ही तिचा चेहरा पाहिला नाही ना. डोळे भरून आलेले, दोन्ही हात वर केलेले. लातूरला आल्यापासून त्या बाईला इतकं खूश मी तरी पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "हाव खाला, झडली की. न्हाताना गळून पडली."

झालं. सगळं तिथंच बिघडलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. दुसऱ्या दिवशी शेडच्या दारावर खडूनं लिहिलेलं: 'चामखिळीचा इलाज होतो. फुकट.' अक्षर आमच्या वर्षाचं! आणि नमुना म्हणून कोण? मी. कुणीही आलं की खाला हाक मारायची, "ए हिमायतनगर, जरा मान दाखव गं!" भाकरी तव्यावर टाकून मी जायची, पदर बाजूला करायची, बाया बोटं फिरवून बघायच्या. "अय्यो, खूणसुद्धा न्हाई!" म्हणायच्या. त्या चार महिन्यांत माझा चेहरा कुणी पाहिला नसेल तेवढी मान पाहिली.

उदगीरच्या काखेजवळ दोन होत्या. तिनं केस बांधून घेतले. भोकरच्या गळ्याला बारीक बारीक चार-पाच. तिनंही घेतले. मी मनात म्हटलं, आता कुणाचंच झडणार नाही, खालाचं हसू होणार, आणि ते पाप माझ्या माथी.

पण ऐका तर खरं. पंधरा दिवसांत उदगीरच्या झडल्या! महिन्यात भोकरच्याही झडल्या! मी चाटच पडले. खरं काय ते माहीत असलेली गल्लीत मी एकटी, आणि मलाच शंका यायला लागली. म्हटलं, आपण आठवडाभर थांबलो असतो तर आपलीही झडली असती की काय? उगीच घाई केली का? एक दिवस तर मी बाजारातल्या एका बाईला छातीवर हात ठेवून सांगितलं, "आमच्या खालाच्या हाताला गुण आहे." सांगताना मला ते अगदी खरं वाटत होतं. इतकी अक्कल गहाण पडली माझी.

खाला मात्र बदलली. ताठ चालायला लागली. एकदा भरलेला ट्रक गेला, पत्रे वाजले, आम्ही सगळ्या शेडकडं बघितलं. खाला आत एका बाईला केस बांधत बसलेली, उठलीसुद्धा नाही. आता मला सांगा, यानंतर कुठल्या तोंडानं खरं बोलायचं होतं?

परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते. मी डोक्यावर दळण घेऊन गिरणीतून आले. अंगणात नेहमीच्या बाया बसलेल्या. शेडच्या दारात खाला, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून, डोळे मिटून आमची वर्षा!

वर्षाच्या डाव्या पापणीवर, कडेला, मोहरीएवढी एक चामखीळ होती. लहानपणापासूनची, कधी त्रास नाही. पण परीक्षेच्या फॉर्मवरचा फोटो पाहून आमच्या बाईसाहेबांना ती खटकली.

"पापणीला केस बांधता येत न्हाई," खाला बायांना समजावून सांगत होती. "इथं चुना आन् सोडा लावायचा. काडीनं, जरासा."

काडेपेटीची काडी. टोकाला ओला चुना. आणि तो हात, जो केसाची साधी गाठ कधी धड मारू शकला नव्हता, तो थरथरत थरथरत माझ्या पोरीच्या डोळ्याकडं निघालेला.

दळणाचा डबा कुठं पडला, ठाऊक नाही. मी एवढंच ओरडले, "खाला, थांबा! माझी झडली न्हाई! डॉक्टरनं काढली!"

काडी हवेतच थांबली. वर्षाला मी दंडाला धरून उठवलं. सगळं अंगण पिठानं पांढरं झालेलं.

पहिली बोलली ती उदगीर. "असं कसं म्हणता? न्हाताना गळाली, तुम्हीच सांगितलं की!"

"खोटं सांगितलं."

"पण मग..." उदगीरनं पदर तोंडाला लावला. मग हळूच म्हणाली, "माझ्या पण डॉक्टरनंच काढल्या."

"काय?"

"तुमची झडली, माझ्याच झडंनात. मला वाटलं, माझ्यातच काही खोट हाय. मग गेले गुपचूप चामडीच्या डॉक्टरकडं, भाजीची पिशवी घेऊन. खालाला कशाला दुखवायचं म्हणून बोलले न्हाई."

भोकर खाली बघून पीठ गोळा करत होती. मी म्हटलं, "भोकर?"

"मी पण," भोकर म्हणाली. "भाजीला जाते म्हणून त्याच डॉक्टरकडं. तुमची झडली, उदगीरच्या झडल्या, मग मी एकटीनंच कसं सांगू?"

म्हणजे बघा! तिघी जणी एकाच दवाखान्यात, एकीला दुसरीचा पत्ता नाही, आणि तिघीही भाजीची पिशवी घेऊन गेलेल्या. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं, पण ही गोष्ट लातुरात आणि तीही खालासमोर बोलता येत नाही.

मी खालाच्या पायाशी बसले. "खाला, चुकले मी. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

खालानं काडीचा चुना फरशीला पुसला. डबा उघडला, केस नीट गुंडाळले, झाकण लावलं. रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती रागावली नाही.

"हा डबा माझ्या सासूचा," ती म्हणाली. "तिच्या हाताला गुण होता. तिनं मरताना मला दिला. तीस वर्षं झाली. तीस वर्षं मी बांधून राहिले, पोरी, एकाची झडली न्हाई. लोक दोनदा यायचे, मग तोंड चुकवायचे. मला ठाऊक होतं माझ्या हातात काही न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझीच पहिली झडली. म्हणून तर मी दारावर लिहून घेतलं."

मी रडले. मग उदगीर रडली. भोकर पीठ भरता भरता रडली. वर्षा तेवढी आरशात पापणी बघत होती.

बऱ्याच वेळानं खालानं ओढणी बाजूला केली. तिच्या स्वतःच्या मानेवर पाच चामखिळी, आणि पाचहींना जुने, पिवळे पडलेले केस गुंडाळलेले.

"तो डॉक्टर लई दुखवतो का गं?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या गेलो. या वेळी भाजीच्या पिशव्या न घेता. डॉक्टरनं आधी वर्षाची पापणी पाहिली आणि म्हणाला, हिला परीक्षा होईपर्यंत कुणी बोटसुद्धा लावू नका, नंतर डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. मग खालाची मान पाहिली. केस पाहिले. एकदा माझ्याकडं, एकदा उदगीरकडं, एकदा भोकरकडं पाहिलं. तिघींनाही त्यानं ओळखलं, दिसतच होतं.

"आजी, तुम्हाला इथं कुणी पाठवलं?" त्यानं विचारलं.

खालानं माझ्याकडं बोट केलं.

"हिनं. म्हणते, डॉक्टरच्या हाताला गुण हाय," खाला म्हणाली. "पण हिच्या बोलण्यावर जाऊ नका, साहेब. तुम्ही सोता बघून घ्या."