पायथ्याशी काय असावं

बर्फ वितळल्यावर त्याचं पाणी कुठे जाईल, हे ठरवायचं माझं काम. मी सिव्हिल इंजिनिअर आहे. रस्ते, पार्किंग, गटारं, नाले. नागपुरात शिकले, लग्नानंतर डेन्व्हरला आले आणि बरीच वर्षं इथल्या एका छोट्या फर्ममध्ये नोकरी करते आहे. स्कीइंग मात्र एक्केचाळिसाव्या वर्षी शिकले, तेही मुलीमुळे. तिच्या शाळेतल्या मैत्रिणी शनिवारी डोंगरावर जायच्या, तिलाही जायचं होतं. तिला सोडून खाली दिवसभर गाडीत बसण्यापेक्षा आपणही शिकून बघावं, असं मला वाटलं. पहिल्या वर्षी उभी राहिले कमी आणि पडले जास्त.

आम्ही जायचो ते ठिकाण मोठ्या नावाचं नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी एक जुनं लाकडी लॉज होतं, वर कॅफेटेरिया, खाली तळघरात एक लांबट खोली. तिला खिडक्या नव्हत्या. भिंतीला खुंट्या, मध्ये लांबलचक टेबलं, आणि ओल्या हातमोज्यांचा कुबट वास. घरून डबा आणणाऱ्यांनी तिथे बसायचं. कुणी हाकलत नसे, कुणी काही विकत घ्या म्हणत नसे. स्की न करणारे आजी-आजोबा, तान्ही बाळं, पाय मुरगळलेले लोक, सगळे तिथेच.

पहिल्या दिवशी मी पोळी आणि बटाट्याची भाजी काढली, तशी मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "आई, प्लीज, नॉट हिअर. इट स्मेल्स."

मी झाकण परत लावणार, तेवढ्यात समोर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "त्या छोट्या डबीत काय आहे?"

डबीत ठेचा होता. मी म्हटलं, खूप तिखट आहे. त्यांनी सँडविचच्या कडेला थोडासा लावून खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, चेहरा लालबुंद झाला. थर्मासमधली कॉफी प्यायले आणि मग डबी पुन्हा स्वतःकडे ओढली. मुलगीसुद्धा हसली.

ते शाळेची बस चालवायचे, आता निवृत्त झाले होते. बायको गेल्यापासून एकटेच यायचे. त्या डोंगरावर ते तरुणपणापासून येत होते. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणायला लागले. सात-आठ हिवाळे आम्ही शनिवारी दुपारी एकाच टेबलावर जेवलो. वळताना वजन कुठल्या पायावर टाकायचं, हे मला प्रशिक्षकापेक्षा त्यांनीच जास्त शिकवलं. मुलगी पुढे कॉलेजला गेली, तरी मी जातच राहिले.

मग तो डोंगर नव्या मालकांनी घेतला. जुनं लॉज पाडून तिथे नवीन इमारत, दुकानं, हॉटेल, राहायचे फ्लॅट, वर जाणारी नवी लिफ्ट, असा मोठा आराखडा निघाला. त्यातलं पार्किंग आणि पाण्याच्या निचऱ्याचं काम आमच्या फर्मकडे आलं आणि फर्ममध्ये माझ्याकडे. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? ज्या पार्किंगमध्ये दर मार्चला घोटाभर चिखलातून बूट सावरत चालत जायचे, ते आता मी नीट करणार होते.

काकांना मात्र सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिले.

त्या हिवाळ्यात चेअरलिफ्टवर, म्हणजे तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांवर, दुसरा विषय नव्हता. लिफ्टवर अनोळखी माणसं दहा मिनिटं शेजारी बसतात आणि घरच्यांना सांगणार नाहीत ते बोलून जातात. मी फक्त ऐकायचे. मला वाटलं होतं, सगळेच विरोधात असतील. तसं नव्हतं. स्नोबोर्डवाला एक तरुण म्हणाला, "इथली टॉयलेट्स बघितलीत का? पाडा म्हणावं लवकर." दोन लहान मुलांची आई म्हणाली, पार्किंगपासून लिफ्टपर्यंत दोन पोरांच्या स्की वाहून नेताना तिचे खांदे भरून येतात; काहीही बांधा, पण जवळ बांधा. लिफ्टवर काम करणारी एक मुलगी सुट्टीच्या दिवशी माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "फ्लॅट पाहुण्यांसाठी आहेत. आम्ही राहायचं कुठे, ते नकाशात कुठेच नाही." आणि एक गृहस्थ अख्ख्या चढणीवर शिव्याच देत होते. गर्दी वाढेल, पार्किंगला आधी रिझर्व्हेशन करावं लागेल, डोंगराचा मॉल होईल. त्यांना म्हणावंसं वाटलं, पार्किंग मी करतेय हो, चांगलं करतेय.

लोकांची मतं घ्यायला गावातल्या शाळेच्या जिममध्ये एक सभा ठेवली होती. नकाशे फळ्यांवर लावायचे, प्रत्येकाजवळ आमच्यापैकी एकाने उभं राहायचं, लोकांनी बघून चिठ्ठ्यांवर मत लिहायचं. साहेब मला म्हणाले, "तू तिथे स्कीइंग करतेस, लोकांशी तुला बोलता येईल." गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून मी नव्या लॉजच्या नकाशाजवळ उभी राहिले.

काका आले. मला बघून आधी हसले, मग त्यांची नजर ओळखपत्रावर गेली.

"तू यांच्याकडे काम करतेस?"

"हो. पार्किंग आणि ड्रेनेज. सांगणार होते तुम्हाला."

त्यांनी मान डोलावली. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नकाशाजवळ गेले, चष्मा वर केला आणि बराच वेळ बघत राहिले. तळमजल्यावर रेस्टॉरंट, कॉफीचं दुकान, स्की भाड्याने देण्याचं दुकान. वर बार आणि मोठी गच्ची.

"मी कुठे बसायचं?" त्यांनी विचारलं.

मी नकाशावर बोट फिरवायला लागले. तो कागद मी पन्नास वेळा बघितला असेल, पण माझी नजर नेहमी इमारतीच्या बाहेर, पाणी वाहायच्या रेघांवर. आत डबा खायला जागाच नव्हती. टेबलं होती, पण प्रत्येक टेबल कुठल्या तरी दुकानाचं होतं.

"मी विचारते," एवढंच म्हणता आलं. ते चिठ्ठी न लिहिताच निघून गेले.

घरी परतताना मला बाबांची आठवण आली. बाबा नागपुरात एका सरकारी कचेरीत होते. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून नोकरी करणारे ते पहिलेच. कचेरीत दुपारी सगळे एका मोठ्या टेबलाभोवती डबे उघडायचे. बाबांना तिथे कुणी 'येऊ नका' म्हटलं नाही. 'या' असंही कुणी म्हटलं नाही. निवृत्त होईपर्यंत ते आपल्या फायलींच्या टेबलावरच जेवले. घरी याबद्दल ते एकदाच बोलले होते, तेही हसत. "तिथे उजेड चांगला यायचा," म्हणाले होते.

सोमवारी मी साहेबांकडे गेले आणि डबा खायच्या खोलीचं सांगितलं. ते भले गृहस्थ आहेत. शांतपणे ऐकून म्हणाले, "हे तू इंजिनिअर म्हणून सांगतेयस की तिथे नेहमी जाणारी म्हणून?"

"दोन्ही."

"मग अडचण आहे. आपण मतं गोळा करणारे, आपणच मत कसं देणार? चिठ्ठ्यांमध्ये बघ. लोकांनी लिहिलं असेल तर मी स्वतः पुढे नेतो."

सगळ्या चिठ्ठ्या खोक्यात भरून ठेवल्या होत्या. मी दोन दिवस त्या वाचत बसले. बहुतेक गर्दीबद्दल, पार्किंगबद्दल. पण अधूनमधून सापडत गेलं. घरचं खाणं कुठे खायचं? स्की न करणाऱ्यांनी दिवसभर कुठे थांबायचं? एका चिठ्ठीवर लहान मुलाच्या वेड्यावाकड्या अक्षरात होतं: माझी आजी कुठे बसेल? मी त्या चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या आणि सर्वांत वर ती आजीची ठेवली. एवढी लबाडी केली.

पुढे वर्षभर बैठका झाल्या. भाड्याच्या दुकानाची जागा थोडी कापून वरच्या मजल्यावर एक खोली निघाली. जुन्या खोलीच्या निम्मी असेल. तिला मोठी खिडकी आहे; तिच्यातून डोंगर दिसत नाही, माझं पार्किंग दिसतं. दोन मायक्रोवेव्ह आहेत आणि त्यांच्यासमोर रांगेत सदैव कुणीतरी उभं असतं. कामगारांच्या घरांचं मात्र काही झालं नाही. ती मागणीही चिठ्ठ्यांमध्ये होती.

लॉज उघडलं त्या वर्षी काका दिसलेच नाहीत. जानेवारीत मी फोन केला. ते तासभर लांबच्या दुसऱ्या एका डोंगरावर जायला लागले होते. "ये कधीतरी," म्हणाले. मी पुढच्याच शनिवारी गेले.

तिथली लिफ्ट इतकी सावकाश की गप्पांना भरपूर वेळ. मी त्यांना खोलीबद्दल सांगितलं. चिठ्ठ्या, साहेब, आजी, सगळं. खरं तर शाबासकीच मागत होते.

ते म्हणाले, "बघितली मी ती खोली. उघडली त्या आठवड्यातच जाऊन आलो. छान आहे, ऊबदार आहे."

"मग?"

"मी खोलीबद्दल विचारत नव्हतो गं." ते म्हणाले, "त्या तळघरात माझ्या बायकोला ओळखणारी पाच-सहा माणसं यायची. लॉज पाडल्यावर ती पांगणार, हे मला कळत होतं. कोणाला विचारायचं ते कळेना, म्हणून तुला विचारलं."

त्यांनी विचारलं एक होतं आणि मी त्यात ऐकलं होतं बाबांचं एकट्याने जेवणं. इतके महिने मी ज्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते, तो त्यांचा नव्हताच. तरी ती खोली झाली याचं मला वाईट वाटत नाही. परवाच तिथे एक मेक्सिकन कुटुंब बघितलं, आजीसकट. मोठं पातेलं घेऊन आले होते आणि शेजारच्यांनाही वाढत होते.

"तुमच्या बायकोबद्दल मला कधी सांगितलं नाहीत," मी म्हटलं.

"तू कधी विचारलं नाहीस."

खरंच होतं. इतक्या शनिवारांत मी त्यांना वळणं विचारली, बूट कुठले घ्यायचे ते विचारलं, बायकोबद्दल एका शब्दाने नाही. मग विचारलं. लिफ्ट वर पोहोचेपर्यंत ते सांगत होते, ती पोस्टात कामाला होती, चढणीला घाबरायची पण उतरणीला नाही, मोठ्याने गायची. वर उतरल्यावर आम्ही कडेला थांबलो, कारण गोष्ट अजून संपली नव्हती, आणि मागून येणारे लोक आम्हाला वळसा घालून खाली जात राहिले.