तीन जळके बिट आणि चौकातला फळा

आमच्या शिवाजी पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानदारावर अन्याय झाला. मंगळवारी, सकाळी साडेआठ वाजता, चौकातल्या तालमीच्या फळ्यावर. खडू माझ्या हातात होता.

घरात पत्रकांचे गठ्ठे साचलेले. त्यांच्यासाठी रॅक करायला घेतला. भंगारातून चार चौकोनी स्टीलच्या नळ्या आणल्या. कप्पे वरखाली करता यावेत म्हणून प्रत्येक नळीला तीस भोकं पाडायची होती. त्याच्याच दुकानातून ड्रिलला लावायच्या दहा बिटांचं पाकीट घेतलं आणि ड्रिल फुल्ल स्पीडला सोडलं. धूर निघाला, बिट निळा पडला, भोक नाहीच. दुसरा तसाच. तिसराही.

मला तिथंच फसवणुकीचा वास आला. पाकिटावरची छपाई फिकट का? बिल मागितल्यावर तो हसला का? "चालतोय बघ बिनधास्त," हे न विचारता का सांगितलं? उरलेल्या सात बिटांचं पाकीट पुरावा म्हणून चिकटपट्टीनं बंद केलं, वर सही ठोकली आणि फळ्यावर लिहिलं, 'बनावट बिट विकणाऱ्यापासून सावध!' खाली दुकानाचा पत्ता.

दुपारी दुकानदार घरीच आला.

"काय पावणं, पुरावा कुठं हाय?"

पेठेतल्याच पोराला पावणं म्हणणं म्हणजे कानाखाली काढणं. पाकीट समोर ठेवलं, पण त्याला हात लावू दिला नाही. बदललं तर?

"मग तूच काढ की एक. तूच लाव."

लावला. त्यानं माझ्या आईकडून खोबरेल मागून घेतलं, नळीवर दोन थेंब सोडले.

"आता हळू फिरव. पर दाबून."

चकचकीत कुरळा चुरा निघाला आणि बिट आत गेला. मी नळी फिरवून फिरवून बघितली. तिथं आधीच भोक नव्हतं ना?

"अरं, स्टेनलेस हाय हे. जोरात फिरवून नुसतं घासलंस की जागा आणखी टणक होती. मला विचारायचं न्हाय व्हय?"

आतून आई म्हणाली, "त्याला इचारायला येत न्हाय. लिवायला तेवढं येतंय."

जाताना दुकानदारानं सांगितलं, सकाळपासून दोन गिऱ्हाइकं पाकीट निरखून, न घेताच परत गेली.

खोटा माल विकणाऱ्यावर मी उद्याही लिहीन. पण आधी विचारीन. फळा मी पुसला, त्यावर माझी चूक लिहिली. पण सकाळी तुम्ही मोबाइलवर काढलेला फळ्याचा फोटो मला पुसता येत नाही. तो तुम्ही ज्यांना पाठवलात, त्या प्रत्येकाला आज हे पाठवा. आणि एकदा त्याच्या दुकानात जाऊन या.