चपलांवरची ओळ

"साहेब, आधी चपला! धुरळा आत आला की मशीन रुसतंय." इंदापूरकडच्या आमच्या साखर कारखान्यात नव्वदीत कॉम्प्युटर आले, तेव्हा रूमच्या दारात उभे राहून जगताप तात्या चेअरमनलाही असं ऐकवायचे. तात्या आमचे हेड. मी नवी ऑपरेटर, कायम गोंधळलेली, आणि माझा एकच प्रश्न असायचा, "तात्या, हे कुठं लिहिलंय?"

एका गळीत हंगामात काळे आबांच्या ऊसतोडीची चिठ्ठी निघाली ती काळेल नावाच्या दुसऱ्याच शेतकऱ्याच्या नावावर. तोडणीची टोळी तिकडं गेली आणि इकडं आबांचा ऊस तुरे येऊन वाळायला लागला. आबा रूममध्ये येऊन कडाडले, "माजं नाव काळे हाय. तुमच्या डब्यानं काळेल का काढला?" नाव तर नीट टाइप झालं होतं! मला काहीच उमजेना.

तात्यांनी समजावलं. "नाव शोधताना गणितातलं बरोबरचं चिन्ह एकच दिलं, तर तेवढी अक्षरं जुळली की मशीन खूश. काळे ही अक्षरं काळेलमधी हायतच की! चिन्हं दोन द्यायची. मग ते शेवटापतूर बघतंय."

"कुठं लिहिलंय?"

"पुस्तकात असंल कुठंतरी. पर ताई, पुस्तक वाचतंय कोण?"

तात्या त्याच उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. आपल्यामागं पुन्हा कुणाचा ऊस वाळेल, या विचारानं त्यांना अन्न गोड लागेना. हे लिहून ठेवायचं कुठं? पुस्तक कपाटात, कपाटाला कुलूप. प्रोग्रॅममध्ये लिहावं, तर तो कुणी उघडत नाही. मशीनवर चिठ्ठी डकवली, ती पुसणाऱ्या बाईंनी फडक्यासरशी काढली. आम्ही दोघं पार चक्रावलो.

एका सकाळी येते तर काय, तात्या दाराबाहेर उकिडवे बसलेले! बैलगाड्यांवर नंबर टाकायचा लाल रंग घेऊन, चपला काढतो तिथल्या भिंतीवर ते लिहीत होते : 'नाव शोधताना बरोबरची चिन्हं दोन. एकानं ऊस वाळतो.'

"तात्या, इथं?"

"हितं समद्यांना वाकावंच लागतंय."

पुढच्या गळितात काळे आबासुद्धा चपला काढता काढता ओरडायचे, "पोरी, दोन दे गं, दोन!" त्यांचा ऊस वेळेवर तुटला.

काही वर्षांनी तात्या गेले. मी पणदऱ्याला त्यांच्या घरी गेले. दारात चपलांचा ढीग होता. माझ्या काढायला वाकले आणि सवयीनं भिंतीकडं पाहिलं. भिंत कोरी होती. आता काय करायचं, कुठं बसायचं, कुणाशी काय बोलायचं, काहीच सुचेना. "तात्या, हे कुठं लिहिलंय?" असं तोंडून निघून गेलं आणि मला रडूच फुटलं.