रूपालीचा तांब्याचा ठोकळा

आंबोलीची रूपाली लग्न होऊन मालवणला तोरसकरांच्या घरी आली, तेव्हा तिला बांगडा साफ करता येत नव्हता. तिच्या सासूने, चंद्रावतीने, ही गोष्ट मासळी बाजारातल्या एकाही बाईला सांगायची बाकी ठेवली नाही. रूपालीने ते मनावर घेतलं नाही. बांगडाही ती शिकली, पण तिचा जीव रमला तो नवऱ्याच्या कामात. निकेत लग्नांचं शूटिंग करायचा. कॅसेट घरी आली की तो मोकळा. पुढचं कापणं, जोडणं, गाणी घालणं आणि सीडी काढणं रूपालीकडे. पंगतीत तोंड उघडं पडलेला माणूस तिने कधी सीडीत राहू दिला नाही. नवरीचा बाप मांडवाच्या खांबाआड तोंड फिरवतो, ते मात्र ती हमखास ठेवायची.

घर किनाऱ्याला लागून. खाऱ्या वाऱ्याने कॉम्प्युटरचे पंखे गंजून अडकायचे. दोन हजार चारच्या वैशाखात तर नवा पंखाही पुरेना. प्रोसेसर तापायचा आणि लग्नाची फिल्म तयार होता होता मशीन मध्येच बंद पडायचं.

नेमकं तेव्हाच गावातल्या आकांक्षाच्या लग्नाचं काम हातात होतं. तिचा नवरा विनीत बोटीवर नोकरीला. सोमवारी सकाळच्या एसटीने तो निघणार, तो पुढच्या शिमग्याशिवाय परतणार नव्हता. "वहिनी, लग्नाची सीडी तेवढी माझ्याबरोबर असू दे. बाकी काय नको," तो म्हणाला होता. रूपालीने त्याला हो म्हटलं होतं, आणि मशीन अर्ध्यावरून पुढे सरकत नव्हतं.

एका संध्याकाळी ती सासऱ्यांसाठी चहा घेऊन जेटीवर गेली. बाळा तोरसकर होडी लावत होते. होडीच्या कडेच्या नळीतून पाणी भकाभका बाहेर पडत होतं.

"बाबा, ह्यां पाणी कित्याक?"

"इंजिनाक थंड करूक. होडीक फॅन खंय लावतलंस गो?"

रूपाली चहा द्यायचा विसरून तिथेच उभी राहिली. प्रोसेसरवर बसवून आतून पाणी फिरवायचा ठोकळा तिने एका मासिकात चित्रात पाहिला होता. तो आपल्याला करता येईल असं तिला तोवर कधी वाटलं नव्हतं.

भंगारवाल्याकडे तिला जाड तांब्याची पट्टी मिळाली. सुताराच्या ड्रिलने तिने त्यात भोकं पाडली आणि मधलं तांबं कानशीने काढून पाण्याला नागमोडी वाट केली. वर पत्र्याचं झाकण आणि फ्रिजवाल्याकडच्या नळीचे दोन तुकडे. सांध्यांना कथलाचा डाग बाळांनी दिला. होडीच्या नळ्या तेच जोडायचे. मग काचेवर पॉलिश पेपर ठेवून रूपाली ठोकळ्याचा तळ घासत बसली, त्यात आपलं तोंड दिसेपर्यंत.

"भांडी कधी अशी घासलंस नाय!" चंद्रावती जाता जाता म्हणाली.

"भांड्यांका एवढो ताप नसता, आई."

बादलीत माशांच्या टाकीचा छोटा पंप आणि गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी. मशीनला लावण्याआधी तिने ठोकळा वर्तमानपत्रावर ठेवून पाणी फिरवलं. कागदाचा एक कोपरा ओला झाला. बाळांनी पुन्हा डाग दिला. या खेपेला कागद कोरडा राहिला.

शनिवारी सकाळी ठोकळा प्रोसेसरवर बसला. मशीन चालू राहिलं. जिथे रोज बंद पडायचं, ती जागाही मागे गेली. रूपाली निर्धास्त होऊन विहिरीवर कपडे धुवायला गेली.

परत आली तर पडदा काळा होता आणि चंद्रावती कॉम्प्युटरच्या पेटीत वाकून बघत होती.

"ह्यां गळता गो तुझां!"

रूपालीने आधी बटण बंद केलं. ठोकळ्यावर थेंबच थेंब होते, खालच्या बोर्डावर ओघळलेले. तिने सांध्यांवरून बोट फिरवलं. कुठेच गळत नव्हतं. मग तिचं लक्ष बादलीकडे गेलं. पाण्यावर बर्फाचे खडे तरंगत होते, आणि माशाचं एक खवलं.

"बर्फ कोणी घातल्यान?"

"मीच घातलंय. बाजारातसून इलंय, हात लावन बघलंय तर पाणी कोमट. माशांका बर्फ लागता, तर ह्येका नको?"

रूपालीने सासूकडे पाहिलं. सासूच्या साडीचा पदर अजून टोपलीतल्या बर्फाने ओला होता. मासे विकून उरलेला बर्फ ती शेजारणीलाही द्यायची नाही.

"आई, तांबा फार थंड झाला, म्हणान हवेतलां पाणी तेच्यार जमलां. आमच्या आंबोलीत पावसात भिंतींका घाम फुटता, तसां."

"मगे आता? तो झिलगो परवा जातलो ना?"

"सुकवया. उद्या बघूया."

तिने सगळं सोडवून पुसलं आणि बोर्ड टेबलफॅनच्या वाऱ्यात ठेवला. जेवताना चंद्रावतीने कालवणाला हात लावला नाही. "सून बिघाडता म्हणा नको, मीच बिघाडलंय," ती बाळांना म्हणाली. बाळा म्हणाले, "इंजिन भिजला तरी चालू होता गो. जेव."

रविवारी दुपारी मशीन सुरू झालं. चंद्रावती विहिरीवरून कळशी भरून आणून बादलीशेजारी पाटावर बसली.

"बर्फ नको. पण कोमट झाला तर काढूचां ना?"

"होय. थोडां काढायचां, थोडां विहिरीचां घालायचां."

मग ती बसूनच राहिली. मधूनमधून बादलीत हात बुडवायची, तांब्याभर पाणी काढायची, तेवढंच ओतायची. पडद्यावर आकांक्षाचं लग्न सावकाश पुढे सरकत होतं. बाप खांबाआड गेला तेव्हा चंद्रावतीने नाक ओढलं. "ह्यां बरां ठेवलंस," ती म्हणाली. दिवेलागणीला सीडी निघाली.

सोमवारी टोपली घेऊन चंद्रावती बाजाराला निघाली, तेव्हा सीडी तिनेच मागून घेतली. एसटी स्टँड तिच्या वाटेवर होता. ती परत येईपर्यंत रूपालीचं कशात लक्ष लागलं नाही.

"विनीत गावलो?"

"गाडीत चढलेलो. खिडकीतसून दिलंय."

"काय म्हणालो?"

चंद्रावतीने टोपली उतरवली. "सीडयेक बांगड्याचो वास येता म्हणालो. मी म्हटलंय, येवंदे. बोटीर घराची याद येतली."