पगारी वाचक

लिफ्टदुरुस्तीत जन्म घालवलेल्या काकांनी निवृत्त झाल्यावर आत्मचरित्र लिहिलं. स्वतःच्या खर्चाने छापायचं ठरलं, तेव्हा छापखानेवाल्याने सुचवलं, "आधी एखाद्या संपादकाला पैसे देऊन तपासून घ्या." काका भडकले. "चुका काढायला माणूस विकत आणू? घरात काय कमी आहेत?"

म्हणून टाइप केलेल्या प्रती घरातच वाटल्या. काकूंना, लेकीला, मेहुण्याला. मग काका प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसले. लेक म्हणाली, "फारच छान, बाबा." काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "छान लिहिलंय." कुठलं आवडलं, असं विचारलं की सगळंच. सगळंच आवडायला पुस्तक म्हणजे काय नातू होता? मेहुण्याने मात्र पाठ थोपटली. "ती लिफ्टमध्ये अडकलेली नवरी, भावोजी. हसून हसून पुरेवाट झाली." काकांचा चेहराच उतरला. तो किस्सा ते प्रत्येक कार्यात रंगवून सांगत, पण पुस्तकात लिहायचा नेमका विसरले होते.

त्या दिवशी काका जेवले नाहीत. आपलं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायला घरात एक माणूस नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकाट्याने एका संपादिकाबाईंना पैसे भरले. चुका गेल्या खड्ड्यात. पैसे घेतलेत म्हणजे झक मारत वाचेल, एवढाच त्यामागचा विचार.

आणि बाईंनी खरंच वाचलं. त्यांचा फोन आला तेव्हा काका हरखून गेले. काकूंनाही ऐकू जावं म्हणून मुद्दाम स्पीकर लावला. साहेबांशी झालेलं भांडण निम्मं कापा, बाई म्हणाल्या. मोटर जळाल्याचा प्रसंग दोनदा आलाय, तेही म्हणाल्या. काका हुज्जत घालत होते, पण अगदी सुखाने.

"आणखी एक विचारू का?" बाईंनी आवाज जरा खाली आणला. "मुलीच्या वेळी तुम्ही पत्नीला दवाखान्यात सोडता आणि ड्यूटीवर जाता. पुढे त्या कुठेच येत नाहीत. त्या तेव्हाच गेल्या का? तसं असेल तर दोन ओळी तरी हव्यात."

समोर काकू शेंगा सोलत होत्या.

"छे हो, आहे ती," काका गडबडले. "इथेच बसलीय."

"मग पुस्तकात?"

नंतर बोलतो म्हणत काकांनी फोन ठेवला आणि सगळा राग काकूंवर काढला. "म्हणजे तूही नुसतंच छान छान म्हणालीस. उघडूनसुद्धा बघितलं नाहीस."

काकूंनी सोललेले दाणे वाटीत टाकले.

"दिलंत त्याच आठवड्यात वाचलं," त्या म्हणाल्या. "पुढे कुठेतरी येईन, म्हणून शेवटच्या पानापर्यंत गेले."